नव्वद दिवसांचा परवाना

खुणा सतरा भरल्या. सुकदेवने फूटपट्टी तिच्या कोपराजवळून उचलली आणि शेवटचं माप लिहिलं: डावा हात, बाहेरची बाजू, पावणेतीन इंच, रंग पिवळट. मग त्याने वरपासून पुन्हा बेरीज केली. चेहऱ्यावर दोन, गळ्याला चार, दोन्ही हातांवर मिळून सात, उजव्या नडगीवर चार. एवढ्याच उघड्या होत्या. झाकलेल्या अंगावरच्या खुणा मोजायचा नियम नव्हता. हातांवरच्या सातांत मनगटावरचं तुळशीचं गोंदण धरलेलं होतं. ते सासूने लग्नाच्या वर्षी हौसेने गोंदवून घेतलं होतं.

जूनच्या फॉर्मवर नऊ खुणा होत्या. मार्चच्या फॉर्मवर तीन. गेल्या डिसेंबरात भरलेल्या पहिल्या फॉर्मवर नुसतं गोंदण.

धुळ्याच्या नोंदणी कचेरीत पडदा लावून केलेल्या त्या कोपऱ्यात तिघंच होती. फॉर्म भरणारा कारकून सुकदेव, स्टुलावर बसलेली बाई आणि तिच्या पाठीशी उभी असलेली तिची जाऊ ताईबाई. परदेशी बाईच्या ओळखीच्या खुणा तपासताना घरची एक बाई हजर हवी, असा नियम होता, म्हणून दर खेपेला ताईबाई दोंडाईच्याहून बरोबर येई.

बाईचं कागदावरचं नाव इल्झे होतं. गावात तिला इलाबाई म्हणत. दोंडाईच्याच्या एका तेलगिरणीचा व्यवस्थापक अभिमन जर्मनीत शिकायला गेला होता, तिथून तो तिला घेऊन आला आणि दारी मांडव घालून त्याने लग्न केलं. त्या लग्नाची सरकारदरबारी नोंद नव्हती. त्यामुळे लढाई सुरू झाली तशी ती शत्रूच्या देशाची बाई ठरली. नवऱ्याच्या हमीवर तिला घरी राहायची मुभा होती, तीही एका वेळी नव्वद दिवस. हमी नसेल तर घाटापलीकडची छावणी. कचेरीत तिच्याशी प्रमाण मराठीत कोणी बोललं की ती ताईबाईकडे बघे. तिला येत होती ती फक्त चुलीपाशी शिकलेली अहिराणी.

"व्हयनं का भो तुनं मोजनं?" ताईबाई म्हणाली. "इतलं ते कापडवाला बी मोजस नही."

"नियम आहे, अक्का. प्रत्येक खूण लिहावी लागते."

"लिख. आनि मंग बाहेर जाईसन त्याले वाची दाखाड."

"हमीदाराला वाचून दाखवावंच लागतं. खाली त्याची सही असते."

"मांगला खेपले बी दाखाडं व्हतं तू." ताईबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तुले ठाव शे का, पुढे काय व्हयनं?"

सुकदेवला ठाऊक नव्हतं. जूनमध्ये त्याने नऊच्या नऊ नोंदी स्पष्ट आवाजात वाचल्या होत्या. पट्ट्याच्या बकलाची खूण कशी ओळखावी, हेही त्याने कंसात लिहिलं होतं. अभिमनने शांतपणे ऐकून घेऊन सही केली होती. सुकदेवला तेव्हा वाटलं होतं, की हे असं लख्ख लिहिलेलं वाचल्यावर माणूस वरमेल. कॉलेजात प्रयोगाची वही नीट लिहिली की चूक कुठे झाली ते आपोआप दिसतं, असं त्याचे प्राध्यापक सांगत.

ताईबाईने सांगितलं ते थोडक्यात होतं. धुळ्याहून मोटारीने तिघं नरडाण्याला पोचली तेव्हा दोंडाईच्याच्या गाडीला दीड तास होता. स्टेशनामागे मालाच्या वखारीची भिंत आहे. तिथे अभिमनने बायकोला भिंतीला लावून उभं केलं आणि कमरेचा पट्टा काढला.

"तुना कागद त्याले पाठ व्हई गयथा. एक आकडा बोले, एक मारे. पह्यला, डावा गाल. मारं. दुसरा, गळा. मारं. असं नऊपावत."

"तुम्ही मध्ये पडला नाहीत?"

ताईबाईने वरचा ओठ बोटाने उचलला. पुढचा एक दात नव्हता.

"त्यानं गणित चांगलं शे," इलाबाई म्हणाली. "एक बी आकडा चुकना नही तो."

ती हसली. हसताना तिने उजव्या हाताने बरगडी दाबून धरली.

सुकदेवच्या हातातला टाक कागदापासून वीतभर वर थांबला होता. सतरा ओळी शाईने लिहून झाल्या होत्या. शाई वाळली होती.

"बरगडीला काय झालं?"

"ते जुनं शे," ताईबाई म्हणाली. "फाल्गुन महिनामानलं. दोन फासळ्या. तू झाकेल मोजस नही, म्हनीसन तुले दिसनं नही."

फाल्गुन म्हणजे मार्च. मार्चचा दिवस सुकदेवला आठवला. इलाबाईने त्या दिवशी कचेरीच्या मुख्य साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून स्वतःच सांगितलं होतं, की तिला छावणीत जायचं आहे. साहेबांनी तिच्यादेखतच अभिमनला विचारलं. रागाच्या भरात बायका असं बोलतात, असं अभिमन म्हणाला. साहेब हसले, अभिमनही हसला, आणि परवाना वाढवून मिळाला. हमीदार हमी द्यायला तयार असला की बाईचा जबाब घ्यायची तरतूद नव्हती.

"आज साहेबले पुन्हा सांगू का मी?" इलाबाईने विचारलं.

"नको."

"मंग तो कव्हय सही करस नही? साहेब?"

हा प्रश्न नियमाचा होता, आणि नियम सुकदेवला तोंडपाठ होते. हमीदार नसेल तर, त्याने सांगितलं. किंवा समोरचं माणूस तेच आहे याची खात्री पटली नाही तर. आठ दिवसांपूर्वी त्याबद्दल नवं पत्रक आलं होतं. कुठल्याशा बंदरावर एकीच्या कागदावर दुसरीच बाई निसटून गेली, तेव्हापासून सक्ती झाली होती. पहिल्या फॉर्मवरच्या उंचीत आणि आजच्या उंचीत एका इंचाहून जास्त फरक पडला, तर परवाना वाढवता येत नव्हता. हमीदार कोणीही असो, बाईला त्याच दिवशी पहाऱ्यात छावणीत पाठवायचं. मग मुंबईहून ओळख पटवणार. त्याला वर्ष लागलं असतं, कदाचित लढाई संपेपर्यंतचा काळही.

"मनी उंची कितली शे?"

"पाच फूट सहा इंच. पण ती कोणी पुन्हा मोजत नाही. जुन्या फॉर्मवरून उतरवून घेतो आम्ही."



"छावणीमां काय शे?"

"पत्र्याच्या बराकी आहेत. बाया आणि मुलं. भोवती काटेरी तारेचं कुंपण, फाटकावर पहारा. बाहेर पडता येत नाही."

"तठे तो येई का?"

"परवानगीशिवाय आत कोणालाच जाता येत नाही."

तिने ताईबाईकडे पाहिलं. ताईबाई पडद्याकडे बघत होती.

पडद्याबाहेर अभिमन खुर्चीवर पाय पसरून बसला होता. कडक इस्त्रीचं धोतर, रेशमी कोट, हातात घड्याळ. युद्धनिधीच्या तालुका समितीवर तो होता. कचेरीतले लोक त्याला उठून नमस्कार करत. सुकदेव फॉर्म घेऊन बाहेर आला तेव्हा दोघी त्याच्या मागोमाग आल्या.

"वाचा, बी. एस्सी. साहेब," अभिमन म्हणाला. "तुमचं वाचन फार छान असतं."

"वाचण्यासारखं काही नाही. मागच्यासारखंच आहे. इथे सही करा."

अभिमनने सही केली नाही. त्याने फॉर्म हातात घेतला आणि खुणांच्या अकराव्या रकान्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. बोट सावकाश खाली सरकत गेलं.

"सतरा," तो म्हणाला. "आणि तुम्ही म्हणता काही नाही. कोणी सांगितलं लपवायला? हिने, का वहिनीने?"

"कोणीही नाही. माझ्याच मनाने."

"वहिनी, आत काय सांगं त्याले?"

"काय सांगू?" ताईबाई म्हणाली. "तो बोलना नही, आम्ही बोलनूत नही."

अभिमन उठला. त्याने फॉर्म टेबलावर नीट ठेवला, शाईची दौत सरकवून त्यावर वजन ठेवलं, आणि मग इलाबाईच्या तोंडावर मूठ मारली. आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आला. ती टेबलाच्या कडेवर पडली, तिथून खाली. त्याने तिचा अंबाडा धरून तिला गुडघ्यांवर आणलं आणि दुसऱ्यांदा मारलं, त्याच जागी.

"अठरावी पण लिही," तो सुकदेवला म्हणाला. "लिही ना. माप घे."

दाराशी उभा असलेला शिपाई जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सुकदेवने तो मनगटापाशी पकडला. त्याने आयुष्यात कोणाशी मारामारी केली नव्हती. अभिमनने हात सोडवून घेतला, त्याची मान धरली आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग परत. दुसऱ्या खेपेला नाकातलं काहीतरी मोडल्याचं सुकदेवला आतून ऐकू आलं. त्याचा गाल फॉर्मवर होता. सतरा ओळींवरून रक्त पसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलं, आणि दौत कलंडली तशी शाईही त्यात मिसळली.

ताईबाईने शिवी घालत अभिमनच्या कोटाला मागून लोंबकळून ओढलं. त्याने कोपर मागे मारलं. ती भिंतीवर जाऊन आदळली, पण कोट तिने सोडला नाही. बाही खांद्यापासून उसवली.

"अरे, काय चाललंय काय!"

साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले होते. हातातला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि एकेकाकडे पाहिलं.

"अभिमनराव, कचेरीत नको. घरचं घरी."

"तुमचा कारकून माझ्या अंगावर आला."

"बघतो मी त्याचं. तुम्ही ओट्यावर चला, चहा घ्या." साहेबांनी टेबलावरचा फॉर्म चिमटीत धरून उचलला. त्यातून थेंब पडत होते. "हा मुंबईला पाठवता येणार नाही. सुकदेव, तोंड धुऊन या आणि नवा फॉर्म भरा. चारच्या टपालात गेला पाहिजे."

"जुन्यावरून उतरवून घेऊ का, साहेब?" सुकदेवने नाक हाताने दाबून धरत विचारलं.

"उतरवून कसं चालेल?  खराब झालेल्या फॉर्मऐवजी नवा भरला, की कारण द्यावं लागतं, आणि त्यातही जुनी मापं उतरवली, की तिकडून शंका येतात. सगळी मापं नव्याने घ्या. नियम तुम्हालाच पाठ आहेत."

ते अभिमनच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले. शिपाई चहा सांगायला गेला.

सुकदेवने रांजणातल्या पाण्याने तोंड धुतलं. नाकाला रुमाल बांधला. नवा फॉर्म काढला, नाव लिहिलं, वय लिहिलं, देश लिहिला. अकराव्या रकान्यात त्याने अठरा ओळी लिहिल्या. अठराव्या खुणेचं माप घेताना इलाबाईच्या गालावरची सूज फूटपट्टीखाली हलत होती, तेव्हा त्याने फूटपट्टी न टेकवता माप घेतलं.

मग फक्त उंचीचा रकाना राहिला.

उंची मोजायची सागवानी पट्टी पडद्याआडच्या भिंतीला ठोकलेली होती. तिच्यावर वरखाली सरकणारी एक आडवी फळी होती. इंचाचे आठ भाग सुकदेवने स्वतः सुईने आखले होते, कारण मूळच्या पट्टीवर फक्त अर्ध्या इंचापर्यंतच्या रेघा होत्या.

इलाबाई पट्टीला पाठ लावून उभी राहिली. ताईबाई खाली बसली. तिच्या ओठातून रक्त येत होतं, ते तिने पदराला पुसलं, आणि दोन्ही हातांनी ती इलाबाईच्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करू लागली. तिने ओचा सैल केला, काठ चहूकडून खाली ओढला. मघाशी आत येताना लुगडं घोट्याच्या वर होतं आणि पायातली जोडवी दिसत होती. आता काठ जमिनीवर पसरला होता आणि पाय दिसत नव्हते.

"मान ताठ ठेव," ताईबाई म्हणाली. "समोर देख."

इलाबाईने मान ताठ ठेवली. तिचे हात लुगड्यावर, मांड्यांशी घट्ट दाबलेले होते.

सुकदेवने फळी खाली आणायला सुरुवात केली. पाच फूट सहापाशी ती केसांना लागली नाही. पाच फूट पाचपाशीही लागली नाही. लुगडं गुडघ्यांपाशी किंचित पुढे आलं होतं; त्याने खाली काठाकडे पाहिलं, मग पुन्हा पट्टीकडे. खिडकीबाहेर ओट्यावर कपबशीचा आवाज झाला.

"अजून किती वेळ?" अभिमनने बाहेरून विचारलं.

"शेवटचं माप आहे," सुकदेव म्हणाला.

फळी केसांना टेकली. इलाबाईच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. टेकलेली फळी बारीक थरथरत होती, तिच्याबरोबर तिचा पितळी खिळाही किणकिणत होता. थरथरत्या फळीवरून माप घेता येत नाही. ती स्थिर होईपर्यंत सुकदेव थांबला.

"वाच भो," ताईबाई खालूनच हळू म्हणाली. "पोरना पाय भरी उनात."

तो पट्टीसमोर आला आणि डोळा आकड्याच्या पातळीत आणला, म्हणजे तिरकं पाहिल्याने चूक होऊ नये. एकदा वाचलं. डोळा काढला, पुन्हा आणला, पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला. मग त्याने टाक शाईत बुडवला आणि रकान्यात लिहिलं:

पाच फूट, तीन इंच आणि एक अष्टमांश.