शेवटच्या चॅनलवरचा आवाज

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझी सांगण्याची हातोटी गेली असं मी समजेन.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या घराखालच्या सलूनमध्ये, खुर्चीत मान मागे टाकून, गालभर फेस लावलेला असताना. ऐकायला दोघेच. एक सलूनवाला, वस्तरा हातात घेतलेला. दुसरा बाकावर पेपर धरून बसलेला रिटायर पोस्टमन, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो मला अजून भोंग्या म्हणतो, कारण मी नोकरीभर बस स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. सुटता सुटता साहेबांनी माझा आवाज रेकॉर्ड करून घेतला. तेव्हापासून मी घरी लोळत असतो आणि माझा आवाज तिकडे ड्युटी करत असतो. "तुम्ही निम्मेच रिटायर झालात," असं ही म्हणते.

ही म्हणजे आमची बायको. लग्न झाल्या दिवसापासून आजतागायत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. मी "अगं" म्हणतो, ती "अहो" म्हणते, एवढ्यावर आमचा संसार झाला. आधी लाज वाटायची म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे पुढे दोघांचाही हट्ट म्हणून.

"बोटीचं सांग," पोस्टमन पेपरमागून म्हणाला. "देवमाशाने तुला सलाम ठोकला असेल."

"ते जाऊ दे, पण बोटीवरून आल्यापासून काका बदललेत," सलूनवाला म्हणाला. "काकूंच्या पिशव्या उचलतात. जिना चढताना त्यांच्यासाठी थांबतात."

"हवा मानवली," मी म्हणालो आणि गोष्टीला हात घातला.

तर लेकीने आणि जावयाने आम्हा दोघांना बोटीच्या सहलीला पाठवलं. बोट कसली, पाण्यावर सोडलेली कॉलनीच. सारख्या दिसणाऱ्या केबिनी, सारखे गालिचे, सारखे जिने. भर समुद्रात फोन लागत नाही, आणि ही तर भाजी आणायला गेली तरी हरवते. म्हणून जावयाने वॉकी-टॉकीची जोडी दिली. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. यातलं सोडून ऐकायचं हे काही हिच्या पचनी पडेना. एकदा बटण दाबलं की नाश्त्याला काय होतं, शेजारच्या केबिनमधली बाई कशी खोकते, माझं बनियन कुठे वाळत घातलंय, सगळं सांगून झाल्यावरच अंगठा उचलायची.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बोटीवर अर्ध्या कुटुंबांकडे तसलेच सेट. हिने "अहो, कुठे आहात?" म्हटलं की निरनिराळे नवरे एकदम "आलो, आलो" म्हणायचे. एक बिचारा तर खरंच विचारत विचारत आमच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन.

"बरा होता," तो गेल्यावर ही म्हणाली. "हात हलवत तरी नाही आला."

"मग नाव घेऊन बोलव ना मला. घोळ मिटेल."

"आधी तुम्ही घ्या."

शेवटी मी चॅनल बदलत बदलत अगदी शेवटच्यावर गेलो. तिथे कोणीच नव्हतं, नुसती खरखर. पण त्या खरखरीला लय होती. माइक तोंडाशी धरून बोलायच्या आधी माणूस दम घेतो ना, तशी. माझा जन्म माइकपुढे गेलाय, मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, छान, निवांत आहे. आणि दोन्ही सेट तिथेच लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं आलं. असं दाट, की जेवणघराच्या खिडक्यांना कोणी चुना फासलाय असं वाटावं. ही हवा खायला वर डेकवर गेली होती, मी खाली कॉफीच्या रांगेत. खिशात खरखर झाली.

"अहो, कुठे आहात? इथे हातभर पुढचं दिसत नाही."

मी सेट बाहेर काढला, अंगठा बटणावर ठेवला. ठेवला फक्त, दाबला नव्हता. आणि सेटमधून माझा आवाज आला.

"इथेच आहे गं. मागच्या डेकवर ये."

वस्तरा माझ्या गालावर क्षणभर अडखळला. पोस्टमनने पेपर खाली केला.

मी बटण दाबून ओरडलो, "अगं, हलू नकोस, मी खाली आहे." पण त्या यंत्राची रीत अशी, की जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. माझं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याचं पोचत होतं. रांग सोडून मी जिन्याकडे पळालो, आणि पळता पळता त्या दोघांचं बोलणं ऐकत राहिलो.

"सावकाश ये," तो सांगत होता. "गुडघे दुखतायत ना तुझे? कठड्याला धरून ये."

"आज बरी आठवण झाली गुडघ्यांची."

"रोजच असते. बोलायचं राहून जातं."

"तुझं रेकॉर्डिंग असेल रे," पोस्टमन म्हणाला, पण जरा हळूच.

"रेकॉर्डिंगमध्ये मी गाड्या पुकारल्यात. गुडघ्यांची चौकशी कुठे केली?"

तर जिन्यावरून मी वर धावतोय, आणि सेटमध्ये माझाच आवाज हिची माफी मागतोय. तिच्या आईच्या आजारपणात मी तिला माहेरी राहू दिलं नव्हतं, त्याची. तिने शिवलेला सदरा मी एकदाही घातला नाही, त्याची. हे त्याला कोणी सांगितलं? मला स्वतःलाही सदऱ्याचं तेव्हाच आठवलं. आणि ही ऐकत होती. चक्क बटण सोडून, मुकाट्याने. माझं इतकं तिने कधी ऐकून घेतलं नव्हतं.

खरं सांगतो, मला तेव्हा भीती वाटली ती ही पडेल याची नव्हे. ती त्याच्याकडे जाईल याची. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो.

"इथे साखळी लावलीय," ती म्हणाली.

"ओलांड. मी पलीकडेच आहे. हात पुढे कर."

मी डेकचं दार ढकललं. धुक्यात तिची नुसती पाठ दिसली. एक पाय साखळीपलीकडे, हात पुढे केलेला. साखळीच्या पुढे कठडा नव्हता. रंगकामासाठी तेवढा भाग काढून ठेवला होता. मला दम इतका लागला होता की तोंडातून आवाज फुटेना. स्टँड दणाणून सोडणारा माणूस मी, आणि घशात नुसती हवा.

आणि तेव्हा त्याने तिला हाक मारली. नावाने. अगदी हळुवार, तिच्या माहेरचे मारायचे तशी.

ती थबकली. पाय मागे घेतला. बटण दाबून म्हणाली, "तुम्ही कोण?"

सेटमध्ये पुन्हा ती खरखर. दम घेतल्यासारखी.

"आमचे हे मला नावाने हाक मारत नाहीत," ती म्हणाली. मग वळली. मी दिसलो तरी लगेच पुढे आली नाही. आधी माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात कपडा पारखतात तसं.

"अगं," मी कसाबसा म्हणालो.

तेव्हा कुठे तिने माझा हात धरला. दोन्ही सेट मी तिथूनच समुद्रात भिरकावले. बुडता बुडता त्यातला एक माझ्या आवाजात बोलला, अगदी स्टँडवरच्या थाटात. "प्रवाशांनी नोंद घ्यावी. गाडी सुटत आहे."

"ही शेवटची तू आत्ता जोडलीस," पोस्टमन म्हणाला. तरी हसला मात्र नाही.

"जोडली असेल. पण बाकीचं अक्षर न् अक्षर खरं. एका नावाने माझी बायको वाचली. म्हणून तर आजही मी ते तोंडातून काढत नाही. काल नाही, आज नाही, मरेपर्यंत नाही."

गळ्यावरचा वस्तरा थांबला. मी समोरच्या आरशात बघितलं. सलूनवाला माझ्याकडे बघत नव्हता. आरशातल्या माझ्याकडे बघत होता.

"हे खोटं आहे, काका," तो म्हणाला. "कालच सकाळी तुम्ही या दारात उभं राहून वर गॅलरीकडे बघितलंत आणि काकूंना नावाने हाक मारलीत. मी इथेच झाडत होतो. आणि काकू किती तरी वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या, खाली बघत. ओ दिली नाही त्यांनी."