दगड विकणारी बाई

याप घराण्यात दगड वाहायच्या बायका आणि विकायचे पुरुष. सुनक्यावही सकाळपासून कावडीने टेकडीवरचे चिरे धक्क्यावर नेत होती. चीनच्या या किनाऱ्यासमोरच्या, इंग्रजांनी घेतलेल्या बेटावर त्यांच्या कोठ्या उठत होत्या. बेटाला दगड द्यायचा नाही, असा कौलूनच्या मँडरिनाचा, म्हणजे चिनी अंमलदाराचा, हुकूम होता. तहाने व्यापार खुला आहे, असं इंग्रज कॉन्सल पत्रामागून पत्रं धाडून म्हणत होता. दगड मात्र चोरून चाललेच होते.

सुनक्याव विधवा, पोटी मूल नाही. पूर्वजांच्या खोलीत नवऱ्याच्या नावाची पाटी लागायची तर त्या पाटीपुढे उदबत्ती लावायला, नैवेद्य ठेवायला मुलगा हवा, आणि दत्तकाला घराणं सात वर्षं नाही म्हणत होतं. मेलेला उपाशी, जिवंत बाई अर्धपोटी. याला कुळाचार म्हणतात.

त्या दुपारी धाकट्या चुलत दिराने, याप फुकने, तिला त्या खोलीत बोलावलं. एरवी उंबऱ्यापर्यंतच झाडू फिरवणाऱ्या बाईला बसायला बाक दिला, वाडग्यात कोंबडीची तंगडी वाढली. फुक धरून घराण्यातले पाच जाणते समोर होते. फुक म्हणाला की माझा तिसरा मुलगा तुझ्या मांडीवर देतो, पाटी याच महिन्यात लावू. फक्त या कागदावर अंगठा दे.

"काय लिहिलंय भाऊजी?"

"वहिनी, कोंबडी खाताना नाही विचारलंस, आत काय आहे."

सगळे हसले. तीही लाजून हसली आणि अंगठा दिला.

नवव्या दिवशी शिपाई आले. दोन्ही सरकारांचं जुळत आलं होतं. मँडरिनाला अब्रू राखायला एक गुन्हेगार हवा होता, तो मिळाला की बंदी उठणार होती. कॉन्सलचीही हरकत नव्हती. घराण्याने कागद पुढे केला: दगड विकणारी, विधवा सुनक्याव.

मँडरिनाच्या कचेरीत कॉन्सलही येऊन बसला होता. फुक तिच्या कानाशी लागला. हो म्हण, महिनाभर गळ्यात खोडा, मग घरी.

"पाटी लावली?"

"तू सुटून ये, मग लावू."

सात वर्षं तिने हेच ऐकलं होतं. ती मँडरिनाकडे वळली.

"मी वाहिले. विकले याप फुकने." मग उरलेल्या चौघांची नावंही तिने घेतली.

दुभाष्या कॉन्सलच्या कानात काही बोलला. कॉन्सलने घड्याळ पाहिलं. मँडरिनाने मान हलवली आणि कारकुनाने लिहिलं: बाईने गुन्हा कबूल केला.

दुसऱ्या दिवशी दगडांच्या होड्या उजळ माथ्याने निघाल्या. सुनक्याव बाजाराच्या वेशीत खोड्यात उभी होती. गळ्याभोवतीच्या रुंद फळीमुळे हात तोंडापर्यंत पोचत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाच नावं सांगत होती. लोक थांबत होते, ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी जाऊबाई भात भरवायला आली. खाली मान घालून तिने निरोप सांगितला, की नावं घ्यायची थांबवलीस तर फुक भाऊजी उद्याच पाटी लावतात.

सुनक्यावने घास गिळला.

"त्यांना म्हणावं, राहू दे माझा माणूस उपाशी. असल्यांच्या हातचं तो जिवंतपणीही खात नव्हता."

समोरून एक मीठवाला येत होता. तिने त्याला हाक मारली आणि पहिलं नाव घेतलं.