मी, गल्लीच्या बँकेचा आडवा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण मला शोधायला निघालात तर दारात मी सापडणार नाही. तुम्ही चौकटीत बघाल, भिंतीला टेकून ठेवलाय का ते बघाल, आणि शेवटी कंटाळून माझ्याच अंगावर उभे राहून विचाराल, "अहो, तो जुना दरवाजा कुठाय?" असं नेहमी होतं. आता मला त्याचा राग येत नाही. पूर्वी यायचा.

माझा जन्म थाटातला. जाड सागवानी फळ्या, सपाट अंग, आणि मधोमध पंज्याएवढी पितळी कडी. शहरातल्या मोठ्या बँकेच्या तोंडाशी मला बसवलं होतं. लोक पायऱ्या चढून यायचे, घाम पुसायचे, कॉलर सारखी करायचे आणि मगच मला हात लावायचे. काय ती माझी ऐट! शिपाई रोज कडी घासून लख्ख करायचा. येणारेजाणारे म्हणायचे, "दरवाजा असावा तर असा." स्तुती कुणाला आवडत नाही, सांगा बरं? मी फुगून गेलो होतो. पावसाळ्यात तर खरोखरच फुगायचो, मग मला ढकलताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे.

पुढे काचेचे दरवाजे आले, माणूस समोर दिसला की आपोआप सरकणारे. मला बिजागऱ्यांसकट उपटून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं. गोदामात मी धूळ खात पडलो. माझ्या कडीला कुणीतरी ओलं फडकं वाळत घालायचं. ज्याला हात लावताना लोक कॉलर सारखी करत, त्याच्या गळ्यात फडकं! मला रडू कोसळलं असतं. पण लाकडाला रडता येत नाही, नुसतं तडकता येतं. खालच्या कडेला मी जरासा तडकलो.

तिथून मला सोडवलं सुतारकाकांनी. ते लाकडाशी बोलायचे. अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "बाळा, घाबरू नकोस. चांगली जागा बघून तुला पुन्हा चौकटीत उभा करतो." मित्रांनो, त्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षं जगलो.

काकांचं अंगण गल्लीच्या टोकाला होतं. एका बाजूला त्यांची लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला पत्र्याखाली इस्त्रीवाल्या मावशींची जागा. मावशींचा एक पाय लहानपणापासून बारीक. काखेत कुबडी असायची, आणि इस्त्री करायच्या त्या उंच स्टुलावर बसून. मला बघताच त्या कुबडी टेकत आल्या, कडीवर हात ठेवला आणि खो खो हसत सुटल्या.

"अहो काका, हा तर ओळखीचा निघाला! मोठ्या बँकेचा ना? खातं उघडायला गेले होते मी. पायऱ्या चढले कशीबशी, पण हा पठ्ठ्या ढकलला जाईल तर शपथ. एका हातात कुबडी, एका हातात कागद. मागून एक जण म्हणतो, बाई, वाट अडवू नका. आले परत."

वजनदार असणं हा काय गुन्हा आहे? मी मनातल्या मनात कुरकुरलो. पण मावशी रागावलेल्या दिसत नव्हत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "याला आडवा टाका, काका. टेबल होईल छान. चार माणसं भोवती बसतील. आणि आपणच काढू की एक बँक."

काका हसले. मावशी मात्र आता हसत नव्हत्या.

झालं! दोन लाकडी घोड्यांवर मला उताणा ठेवला. दिवसभर माझ्या एका टोकाला मावशींची इस्त्री फिरायची, पोटाला छान ऊब लागायची. संध्याकाळी कपडे बाजूला सरकवून लोक भोवती बसायचे. एक न्हावी होता, त्याची कात्री थांबली तरी तोंड थांबायचं नाही. कपडे शिवणारी टेलरताई होती. तिचं अक्षर सुरेख, म्हणून सभेची हजेरी ती घ्यायची. पावभट्टीवाला होता. घरोघरी धुणीभांडी करणारी एक बाई यायची, तिला गल्लीत सगळे अबोली म्हणत, कारण तिचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता. सगळी हातावर पोट असलेली माणसं. त्यांचा बेत साधा होता. प्रत्येकानं जमेल तेवढं साठवायचं, ते एकत्र ठेवायचं, आणि ज्याला गरज पडेल त्याला त्यातून द्यायचं. मोठ्या बँकेत ज्यांना कुणी खुर्ची देत नाही, त्यांची ही बँक. कुणी जास्त ठेवो की कमी, मत प्रत्येकाचं एकच.

पण पहिल्याच सभेत भलताच गोंधळ माजला. सगळे एकदम बोलायला लागले, कोण काय म्हणतंय ते कुणालाच कळेना. तेव्हा मावशींनी माझी कडी उचलून खाली आपटली. टक्क! सगळे चिडीचूप.

"आता असंच करायचं," मावशी म्हणाल्या. "बोलायचं असेल त्यानं कडी वाजवायची. ज्यानं वाजवली त्याचंच बोलणं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि सगळ्यांनी एकेकदा वाजवल्याशिवाय दुसऱ्यांदा कुणी हात लावायचा नाही. न्हावीदादा, तुम्हालाच सांगतेय हो."

"बोलू तरी द्या मग एकदाचं!" न्हावीदादा म्हणाला आणि सगळे हसले.

त्या दिवसापासून कडी वाजल्याशिवाय कुठलीही गोष्ट ठरत नसे. अबोलीची पाळी आली की ती मान खाली घालून नुसती बसायची, आणि सगळे थांबायचे. कुणी घाई करत नसे. अशा कित्येक सभा गेल्या. मग एकदा तिनं हळूच कडी उचलली, अगदी हलकीच सोडली, आणि म्हणाली, "आजारपणाला लगेच पैसे मिळावेत. सभेची वाट बघायला लावू नये." एवढंच बोलली. पण तो नियम पहिल्या पानावर लिहिला गेला. मी शेवटी लाकूड आहे, पण त्या क्षणी मला आतून भरून आलं.

मावशींनीही एक नियम मांडला होता. सलग तीन सभांना जो येणार नाही, त्याचं नाव कमी करायचं. "नाव लावून घरी बसणारे मला नकोत," असं त्या ठासून म्हणाल्या होत्या. सगळ्यांना पटलं.

मग सरकारी कचेरीतून निरोप आला, की बँकेला स्वतःची खोली हवी, अंगणातलं टेबल चालायचं नाही. खोली आणायची कुठून? तेवढ्यात समोरच्या दुमजली घराचे मालक खाली आले. भला माणूस. म्हणाले, "माझी वरची खोली रिकामीच आहे. वापरा. भाडं नको." लोकांना आभाळ ठेंगणं झालं. सगळे घाईघाईनं गल्लीत जाऊन त्या खोलीच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. न्हावीदादा ओरडला, "कुणाकुणाला मान्य आहे? हात वर!" भराभर हात वर झाले. मावशींचाही झाला.

मी अंगणात होतो. माझी कडी त्या दिवशी कुणी वाजवली नाही.

मला वर न्यायला चौघं आले. पण जिना अरुंद आणि मध्येच वळलेला, मी वळणावर अडकून बसलो. भट्टीवाला म्हणाला, "अर्धा कापून नेऊया." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा तो विषय काढता झाला नाही. मला परत अंगणात आणून ठेवलं. वर नवीन टेबल आलं.

मावशींना पहिल्या सभेला खुर्चीत बसवून दोघांनी वर उचलून नेलं. "जपून रे, आमची राणीसाहेब आहे!" असा सगळा प्रेमाचा मामला. मावशीही हसत होत्या. पण खाली आल्यावर त्यांनी इस्त्री तापवली आणि एकच शर्ट पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. मग कुणालाच नाही, स्वतःशीच म्हणाल्या, "पोत्यासारखं नेलं मला."

पुढच्या सभेला त्या गेल्या नाहीत. "कपडे फार आलेत आज," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या सभेलाही कपडे फार आले. मला ठाऊक होतं कपडे किती होते ते. माझ्याच अंगावर तर होते.

तिसऱ्या सभेच्या दिवशी टेलरताई येऊन समोर उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"मावशी, आज तरी या हो. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

"मग करा."

"असं काय बोलता? बँक तुमची."

"नियमही माझाच आहे, पोरी. माझ्यासाठी मोडलात, तर उद्या कुणासाठीही मोडाल. जा, उशीर होतोय तुला."

टेलरताई डोळे पुसत वर गेली. मावशी इस्त्री फिरवत राहिल्या. समोरची खिडकी उघडी होती. वर नुसता गलका चालला होता. कडी नाही, पाळी नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचंच चाललेलं. मग हजेरी सुरू झाली. एकेक हाक, एकेक "हजर". शेवटी टेलरताईचा आवाज आला, "इस्त्रीवाल्या मावशी?"

तिनं पुन्हा हाक मारली.

"इस्त्रीवाल्या मावशी?"

"अगं, इथंच आहे की मी," मावशी पुटपुटल्या. त्यांचा हात थांबला होता. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. कितीतरी वेळ त्या माझ्या कडीकडे बघत होत्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला. वाजवा ना मावशी, एकदा वाजवा! पण मला कुठलं बोलता येतंय?

आणि त्यांनी कडी उचलली. टक्क! मग आणखी जोरात, टक्क! टक्क!

वरचा गलका एकदम थांबला. खिडकीत आधी न्हावीदादाचं डोकं दिसलं, मग भट्टीवाल्याचं. आणि मग जिन्यावर पावलं वाजायला लागली. सगळे खाली आले, अंगणात आले, माझ्याभोवती नेहमीच्या जागी उभे राहिले. मावशींचा हात अजून कडीवर होता.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी हात वर केला, तो खोटा होता. तुमची सगळ्यांची तोंडं इतकी आनंदलेली, मला नाही म्हणवेना. पण तो जिना मला चढता येत नाही. आणि उचलून न्यायला मी सामान नाही. माझं नाव खुशाल कमी करा. पण मी आळसानं आले नाही, असं कुणी म्हणायला नको. तेवढं मला सहन व्हायचं नाही."

त्यांनी कडीवरचा हात काढला. तेवढ्यात कडी पुन्हा वाजली, अगदी हलकी. अबोली होती.

"माझाही हात खोटाच होता," ती म्हणाली. "त्या घरी मी भांडी घासते. तिथं खुर्चीत बसायला मला होत नाही. मी उभीच असते सगळी सभा. तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं का?"

नव्हतं आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. घराचे मालकही मागे येऊन उभे होते. त्यांनी पुढे होऊन विचारलं, "मी वाजवली तर चालेल का?" आणि कडी वाजवून म्हणाले, "अबोली, माझ्याही ध्यानात आलं नाही गं. चुकलंच माझं."

मग सगळ्यांनी एकेकदा कडी वाजवली. कडी वाजत राहिली आणि खोली ठरली. फुकटची वरची नको, सुतारकाकांच्या वखारीचा पुढचा भाग भाड्यानं घ्यायचा. टेलरताईनं भीत भीत विचारलं, "मग मावशींची आजची हजेरी...?"

"लाव की!" न्हावीदादा म्हणाला. "सभा तर इथंच चाललीय. मघाशी वर होता तो बाजार होता."

आता मी मनात मांडे खायला लागलो. वखारीला नवी चौकट बसत होती, म्हणजे माझीच! काकांनी मला रंधा मारला, तेल पाजलं. पण पाणी आत शिरू नये म्हणून वखारीचं जोतं उंच बांधलेलं होतं. दाराशी पायऱ्या होत्या. मावशींना चढायला त्यांवर एक उतरती फळी हवी होती, रुंद, जाड, माणसांचं वजन पेलणारी. काकांनी सगळी वखार धुंडाळली. मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले. माझ्यावर हात फिरवला. "बाळा," एवढंच म्हणाले.

सगळ्यांना विचारून ठरवणाऱ्या या मंडळींनी मला मात्र विचारलं नाही, ही माझी एकुलती एक तक्रार. विचारलं असतं तर त्या दिवशी मी नाहीच म्हटलं असतं. कडी काढून त्यांनी आतल्या टेबलाला बसवली, आणि मला पायऱ्यांवर तिरपा टाकून पक्का ठोकला. दारात साधं नवं दार लागलं. लोकांनी अंगावर पाय द्यायचे, या विचारानं मी आतल्या आत पिळवटून गेलो.

उद्घाटनाच्या सकाळी सगळे बाजूला उभे राहिले. पहिल्यांदा मावशी आल्या. कुबडीचं रबरी टोक माझ्यावर टेकलं, मग एक पाऊल, मग दुसरं. धरायला कुणी पुढे आलं नाही, त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. मध्यावर येऊन त्या थांबल्या. वाकून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज तुला ढकलावं लागलं नाही हो." आणि आत गेल्या. मागोमाग अबोली गेली आणि पहिल्याच खुर्चीत बसली.

त्याला आता बरीच वर्षं झाली, मित्रांनो. आत कडी वाजते ती मला बाहेर ऐकू येते. कोण बोलतंय, हे आवाजावरून ओळखतो मी. तुम्हाला एकच विनंती आहे. कधी इकडून गेलात तर खुशाल माझ्यावर पाय द्या, त्याचं मला काही वाटत नाही. पण पावसाळ्यात माझ्यावर शेवाळ धरतं, ते दिसलं की तेवढं खरवडून काढा. मावशी आता थकल्यात, कुबडी घसरते. आणि कडी वाजायच्या आत त्यांना आत पोचायचं असतं.