धुरांची मोजणी

नदीपलीकडच्या तैसियाचं काही चांगलं झालं की अग्नियाच्या पोटात दुखायचं. आणि तैसियाचं मेलं सारखं चांगलंच व्हायचं! दवाखाना तिच्या गावाला, मोबाइलचा टॉवर तिच्या गावाला. जिल्ह्याच्या नकाशावर तिच्या केद्रोव्काचा ठिपकासुद्धा अग्नियाच्या ग्लुखारिनोपेक्षा ठसठशीत. दोघी एका बाकावर शिकलेल्या, आता आपापल्या गावच्या प्रमुख. या हिवाळ्यात दोन्ही गावांत मिळून एकच कचेरी ठेवायचं ठरलं होतं. ज्या गावात नांदती घरं जास्त, तिथे कचेरी आणि शिक्का.

कागदावरची निम्मी माणसं केव्हाच शहरात गेलेली. म्हणून जिल्ह्याचा अधिकारी रोदिओन सावेलिच त्या दिवशी सकाळी गोठलेल्या नदीवर उभा राहून दोन्ही काठांची धुराडी मोजणार होता. धूर निघाला तर घर नांदतं, नाही तर ओसाड.

तैसियाच्या केद्रोव्कात एकोणीस घरं, ग्लुखारिनोत सतरा. अग्नियाने उजाडायच्या आत सरपण ओढत नेऊन तीन ओसाड घरांतल्या चुली पेटवल्या. वीस! तैसियाच्या नाकावर टिच्चून शिक्का आणणार होती ती.

काजळलेल्या हातांनी परत येते तो तैसिया तिच्या अंगणात उभी. डोक्याला रुमाल नाही, धाप लागलेली.

"अगं, जिवंत आहेस ना बाई?"

"मला काय धाड भरलीय?"

"तुझ्या धुराड्यातून धूर नाही! रोज उठल्यावर आधी तेच बघते मी. म्हटलं, गेली वाटतं ही. तशीच पळत आले."

अग्नियाने वर पाहिलं. ओसाड घरांच्या नादात स्वतःची चूल पेटवायची राहून गेली होती.

तेवढ्यात रोदिओन सावेलिच भुवयांवरचा बर्फ झटकत आला.

"ग्लुखारिनो एकोणीस, केद्रोव्का अठरा. अभिनंदन, अग्निया प्रोकोप्येव्ना! पण तैसिया मात्वेयेव्ना, तुमच्याच घरातून धूर नाही, हे कसं?"

"पेटवायची राहिली," तैसिया म्हणाली. "असू दे. हिच्याकडे जाऊ दे शिक्का."

असू दे म्हणे! अग्नियाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिने तैसियाचा टॉवर पाहिला, दवाखाना पाहिला. तिचं धुराडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"खोडा ते," ती साहेबावर खेकसली. "माझे तीन धूर खोटे आहेत."

मग पाय आपटत ती घरात गेली आणि चुलीपुढे बसली. "मेलीने मला धड जिंकूसुद्धा दिलं नाही," असं पुटपुटत तिने चहाच्या समोवारमध्ये दोघींपुरतं पाणी ओतलं.