पाय न टेकता

माह्या बाबाले बोलून बसायची सवय होती, अन् मले ते बोलणं पकडून ठेवायची.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, पोळा होऊन महिना झालेला. कळमेश्वरच्या एका नव्या कारखान्यात मले पॅकिंगचं काम लागलं होतं. पाळी सकाळी सातची, अन् आमच्या गावातून पहिली एसटी निघे आठले! सडकेनं सायकलवर जावं तर टेकडीले वळसा घालून सोळा किलोमीटर. टेकडी उतरून गेलं तर चारच. पण टेकडी म्हणजे काय, नुसता काळा गोटा. बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकत.

बाबा ओसरीवर सुपारी कातरून राहिले होते. म्हणे, "पुष्पे, ज्या दिवशी तू त्या टेकडीवरून सायकल उतरवशीन ना, पाय न टेकता, त्या दिवशी खुशाल जा नोकरीले." अन् हसले. महादेवराव, म्हणजे माहे बाबा, हसले म्हणजे विषय संपला, असं आमच्या घरात समजत.

मले असा राग आला का हातातली भाकर तशीच टाकून मी उठली. मी म्हटलं, "ठीक हाये. सोमवार सोडून पुढच्या सोमवारी हजर व्हायचं हाये. त्याच्या आदल्या दिवशी उतरवते. तुम्ही खाली उभे राहा पाहाले."

माही चुलतबहीण वच्छला शेजारीच राहे. हातानं दणकट, तोंडानं त्याहून. तिले सांगितलं तर म्हणे, "तू भैताड झाली का वं?"

"हो."

"मंग थांब, गोटे उपटाले सब्बल घेऊन येते."

पहिल्या दिवशी आम्ही वरून खाली सरळ रेघ धरली. जवळचा रस्ता तो! रस्ता पाहाले म्हणून एक जुना टायर वरून सोडला. टायर दोन उड्या मारून जो गेला, तो थेट नाल्यात. वच्छला माह्याकडे पाहे, मी तिच्याकडे. मंग आम्ही गपचूप बकऱ्यांची वाट धरली. बकरी सरळ उतरत नाई, ती तिरपी उतरते. तेवढी अक्कल आम्हाले टायरनं दिली.

मंग काय विचारता बाप्पा! फटफटलं का टेकडीवर, अन् शेतातून आलं का पुन्हा टेकडीवर. सुटे गोटे उचलून बाजूले. भेगांत घमेल्यानं मुरूम भरायचा अन् वर नाचून दाबायचा. जिथं हातभर खाली उतार तुटे, तिथं चपट्या गोट्यांचा उतार रचायचा. जो गोटा सबलीले ऐकत नसे, त्याच्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, चांगला तापू द्यायचा अन् वरून थंड्या पाण्याची घागर ओतायची. ताड्‌कन फुटे! विहीर खोदणारे असंच करत, ते आम्ही लहानपणी पाहिलं होतं. पहिला गोटा फुटला तेव्हा आम्ही दोघी अशा ओरडलो का खालच्या शेतातले बैल बिचकले. हाताले फोड आले, पण झोपेतही मले ती वाटच दिसे.

शुक्रवारपर्यंत वाट झाली, फक्त मधात एक गोटा राहिला. बसलेल्या बैलाएवढा. तो शनिवारी फोडायचा ठरला. कुठून फोडायचा त्याचा अंदाज राहावा म्हणून वच्छलानं घरून रंग आणला, पोळ्याले बैलाची शिंगं रंगवून उरलेला. शेंदरी. गोट्यावर मी चांगला हातभर पट्टा ओढला अन् आम्ही घरी गेलो.

आता सांगा, आमच्या मुलखात गोट्याले शेंदरी रंग लावून कोणी घरी जाते का? पण रागाच्या माणसाले कुठं सुचते!

शनिवारी सकाळी पऱ्हाट्याचा भारा घेऊन गेलो तर गोट्यासमोर नारळ फुटलेला, हळदकुंकू वाहिलेलं, उदबत्तीचा वास. अन् बकऱ्या चारणारी जिजाबाई हात जोडून बसलेली.

"आजी, उठ! हा गोटा फोडायचा हाये. रंग मी लावला, बैलाचा हाये तो!"

"मले माहीत हाये," जिजाबाई म्हणे. "शिंगाचा रंग मले समजत नाई का? पण लावून कोणं घेतला तुह्या हातून? सांग ना."

दुपारपर्यंत गावातल्या सात बाया येऊन गेल्या. त्या गोट्यावर आग पेटवणं म्हणजे गावात पुन्हा तोंड न दाखवणं. मी खाली बसली अन् रडली. खोटं काहून बोलू, भोकाड पसरून रडली. दहा दिवसांची मेहनत एका नारळात गेली!

घरी बाबा तर पोट धरून हसले. "बैलाचा रंग लावलेल्या गोट्याले देव म्हणून राहिल्या! आता काय देवाले फोडशीन?"

"नाई फोडत," मी म्हटलं. "त्याले वळसा घालते."

बोलली खरी, पण वळशाले जागा कुठं होती? उजवीकडे खडी कपार, डावीकडे खोल उतार. वच्छला कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, मंग म्हणे, "धुरा टाकू." शेताचा बांध टाकतात तसा. डाव्या कडेनं गोटे रचले, तोंड बाहेर, पोट आत. बाहेरची कड उंच, आतून सुपासारखा उतरता. वर मुरूम दाबला. दिवस बुडता बुडता झाला.

रविवारी सारं गाव टेकडीवर. मी वच्छलाच्या भावाची खाकी पँट घातलेली. त्याच्यावरच अर्ध्या बायांनी तोंडाले पदर लावला. बाबाची दांडीची काळी सायकल काढली, नाल्याजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. बाबा खाली उभे होते, हात मागं बांधून, ताठ.

सोडली!

अर्रर्रर्र! हँडल हातात थरथरे, दात दातावर आपटत. पहिला उतार, दुसरा उतार. मुरूम धरून होता, माही वाट मले धरून होती! मी ओरडून राहिली होती, काय ते आता आठवत नाई. तेवढ्यात मागच्या ब्रेकचं रबर उडालं. सायकल सुसाट. समोर शेंदरी गोटा वाढून राहिला. वाट सरळ असती तर मी त्या टायरसारखीच नाल्यात जाती. मी हँडल वळवलं. चाक धुऱ्यावर चढलं, सायकल आडवी झाली, मी मेली असं वाटलं. अन् धुऱ्यानं मले अलगद आत लोटून दिलं. वेग पार मोडला.

"अर्धी प्रदक्षिणा झाली वं माय!" जिजाबाई किंचाळली.

पुढचा उतार हलका होता. खाली मोकळ्या जागेत पोचली, पाय पायडलवरच.

"झालं ना? उतर आता," बाबा म्हणे.

"नाई उतरत! पाय न टेकता, असं तुम्हीच म्हटलं होतं. आधी सोमवारचं हो म्हणा, मंग टेकते."

अन् मी त्यांच्याभोवती चक्कर मारू लागली. मी जिकडे जाय, तिकडे बाबा तोंड करत. माह्याकडे पाठच करत नव्हते. मले गंमत वाटली. मी जोरानं पायडल मारलं, ते फिरायच्या आत मागून गेली, अन् पाहिलं.

पाठीमागच्या हातात नारळ होता. शेंडीचा, हळद लावलेला.

"बाबा, हा कोणासाठी?"

बाबाचं तोंड लहान पोरासारखं झालं. "त्या... त्या गोट्यासाठी."

"बैलाचा रंग लावलेल्या?"

"चूप बस वं!" बाबा ओरडले, अन् डोळे भरले त्यांचे. "किती फिरून राहिली, चक्कर येऊन पडशीन. टेक ना पाय, माय. टेक."

"अन् सोमवारी?"

"जा ना. कोण अडवून राहिलं तुले?"

मंग मी पाय टेकला.