दिवाळसणाचा सिनेमा

दिवाळसणाला जावयाला सिनेमा दाखवायचा, ही अक्कल आमच्या ह्यांची. आमची शुभा वैशाखात बोरीवलीला दिली. लग्नानंतरची ही पहिली दिवाळी, म्हणून जावई विद्याधरराव तिला घेऊन घाटकोपरला आमच्याकडे आले होते. ‘सहकुटुंब पाहावा असा धमाल विनोदी बोलपट’ अशी जाहिरात वाचून ह्यांनी पाडव्याची चार तिकिटं काढली.

कसला विनोद नि कसलं काय! नायक लुगडं नेसून नाचतोय, मामा उटण्यावरून घसरून पडतोय. एकदा पडला, ठीक आहे. मेला पाच वेळा पडला! सणासुदीचं घर तसंच टाकून मी हे बघायला आले होते.

मग आली त्यातली सासू. फराळाच्या फडताळाला कुलूप आणि किल्ली कमरेला. सून बिचारी भुकेली. चोरून चकली खाते आणि सापडते. सासू तिला तशीच, तोंडात चकली धरून, अंगणात उभी करते. सगळं थेटर हसून लोळतंय. मी म्हटलं, अगं बाई, यात हसण्यासारखं काय आहे?

एवढ्यात विद्याधररावांनी मांडीवर थाप मारली. “अगदी आमची आई! आमच्याकडेही फडताळाला कुलूप असतं, आणि शुभाला मोजून दोन पोळ्या!” आणि खो खो हसले.

मी चटकन शुभाकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून बसलेली. तीन दिवस मी तिला ‘किती गं वाळलीस’ म्हणत होते, आणि ती ‘तिकडचं पाणी मानवत नाही’ सांगत होती. पाणी म्हणे! आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

“उठा सगळे,” मी मोठ्यानेच म्हटलं. मागून कुणीतरी शुक् शुक् केलं. त्याला म्हटलं, “तू बघ रे तुझा तमाशा!”

बाहेर आल्यावर हे माझा हात दाबायला लागले. दिवाळसणाला आलेल्या जावयाला बोलायचं म्हणजे आमच्यात पापच. पण माझी जीभ कुठली थांबायला! “माझी लेक उपाशी राहते, आणि तुम्हाला हसू येतं?”

“अहो आई, गंमत केली मी,” विद्याधरराव म्हणाले. “आमच्या आईचा स्वभावच तसा आहे. त्यात एवढं मनावर काय घ्यायचं?”

मी आणखी बोलणार होते, पण शुभाच पुढे झाली. सबंध आयुष्यात तिने कुणाला उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

“सहा महिने मला वाटत होतं, तुम्हाला हे ठाऊकच नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “कळलं की काहीतरी कराल, म्हणून मी दिवस काढत होते.”

भाऊबीज झाल्यावर विद्याधरराव बोरीवलीला एकटेच गेले.