लाल मुठीची सुरी

"ती आधी लपव!" स्वयंपाकघराच्या दारातून नागोजीराव दबक्या आवाजात ओरडले.

सकवारबाई ओट्यापाशी उभ्या राहून लाल मुठीच्या सुरीने बीन्स चिरत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "काय लपवूं? बीन्स?"

"बीन्स नाहीं गे, कत्ती! ती लाल मुठीची! वरचे बँकवाले जिना उतरून येतात."

"येवों द्या की. त्यांनीं काय कत्ती पाहिली नाहीं?"

नागोजीरावांनी कपाळाला हात लावला. या बाईला सांगून काही उपयोग नव्हता. लष्करी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते अड्यारच्या या घराच्या परसात सुऱ्या घडवत आले होते. लॉरीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून ठोकून पातळ काढायचा, चिंचेच्या लाकडाची मूठ बसवायची. एकेक सुरी आठवडा खायची. जॉर्ज टाउनच्या फूटपाथवर कारखान्यातली सुरी दहापट स्वस्त मिळे, पण नागोजीराव तिला सुरी म्हणायलाच तयार नसत. ते तिला पत्रा म्हणत.

आणि तोच पत्रा, लाल प्लॅस्टिकची मूठ मिरवत, गेली दोन वर्षं त्यांच्याच बायकोच्या हातात नांदत होता. सकवारबाईंना गुडघ्यांपायी विळीवर बसवेना, तेव्हा नागोजीरावांनी खास त्यांच्या हाताच्या मापाची सुरी घडवून दिली होती. काही वर्षं ती चालली. मग एक दिवस बाईंनी ती रेशमी खणात गुंडाळून पेटीत टाकली आणि बाजारातून हा पत्रा आणला. का, ते नागोजीरावांनी विचारलं नाही. ते रुसले. आणि वैद्याने स्वतःचा खोकला लपवावा तसे ही गोष्ट चारचौघांपासून लपवत राहिले.

"नागोजीराव, आहात का?" रविकांत पानवलकर आत आले. पुण्याहून बदली होऊन ते उन्हाळ्यातच वरच्या मजल्यावर राहायला आले होते. चौकशी केल्याशिवाय हा गृहस्थ काडेपेटीसुद्धा घेत नसे. "आमच्या सौ. विद्युलताच्या टोमॅटोंचा रोज चेंदामेंदा होतो हो. तुमच्या सुऱ्यांबद्दल फार ऐकलंय. पण किंमत ऐकली आणि जरा बिचकलो. तेवढ्यात बाजारातल्या दहा येतील!"

"येतील. आणि दहाही फेकाल."

"तेही खरंच. पण माझी एक पद्धत आहे. डॉक्टर निवडताना तो स्वतः कुणाकडून औषध घेतो, ते मी आधी विचारतो. वहिनी घरात कुठल्या सुरीने चिरतात तेवढं दाखवा. तसलीच मी घेणार."

आतून टक टक टक असा आवाज चाललाच होता. नागोजीरावांनी पाहुण्यांचा दंड धरला आणि त्यांना घाईघाईने देवीपुढे नेऊन उभं केलं. तिथे पाटावर घण, सांडशी, कानशी आणि धारेचा दगड गंधकुंकू लावून मांडले होते. मध्ये दोन सुऱ्या होत्या, एक विकायची आणि एक सकवारबाईंची. वर चुरमुरे आणि फुलं.

"आज आयुधपूजा," नागोजीराव म्हणाले. "आज हत्यारास सुट्टी. देवीपुढें ठेविलें म्हणजे उद्या विजयादशमीसच उचलायचें. ही पाहा, ही हिची कत्ती."

"अरे वा! पण मग आत वहिनी कशाने चिरताहेत?"

टक टक थांबली. "पत्र्यानें!" आतून खणखणीत उत्तर आलं. "हेच म्हणतात, ती कत्ती नव्हे, पत्रा आहे. मग पत्र्यास पूजा कसली आणि सुट्टी कसली?"

पानवलकर पोट धरून हसले. "पटलं! अगदी पटलं! मग मी उद्या सकाळी टोमॅटो घेऊन येतो. वहिनींनी त्यांच्या सुरीने एक चिरून दाखवला की व्यवहार पक्का."

ते गेले आणि नागोजीराव तडक स्वयंपाकघरात शिरले. सकवारबाईंनी कॉफीचा टंबलर समोर ठेवला. नागोजीरावांनी तो नेहमीसारखा दोन्ही हातांनी धरला.

"अगे, उद्या एक दिवस. एक टोमॅटो. तुझ्या कत्तीनें चीर आणि माझी लाज राख."

"नाहीं."

"इतकी वाईट केली मीं ती?"

सकवारबाई वळल्या. "वाईट? भट्टी पेटवून किती काळ झाला तुम्हांस?"

"उन्हाळा होता."

"दोन वर्षें उन्हाळा?"

"मद्रासेंत आणखी काय असतें?"

"अय्यो, भट्टींत मांजरी दोनदां व्याली!" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही म्हणतां कॉफी कढत आहे, म्हणून दोन हातांनीं धरतों. कॉफी निवते तरी दोन हातच. मज काय दिसत नाहीं?"

नागोजीराव टंबलरकडे पाहत राहिले. कॉफी हिंदकळून बोटांवर सांडली होती.

"ती कत्ती धार लावून लावून निम्मी झाली होती," सकवारबाई म्हणाल्या. "आणखी झिजली, संपली, तर दुसरी कोण करून देईल मज? ती दुसरी विका पाहिजे तर. ही राहूं द्या. बीन्स चिरायास पत्रा बरा."

दोन वर्षं! दोन वर्षं ते या बाईवर रुसून बसले होते. नागोजीरावांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साखर कमी आहे." साखर बरोबर होती.

सकाळी देवीपुढची हत्यारं उचलायची वेळ झाली. नागोजीरावांनी आधी सकवारबाईंची सुरी पुसली, तिला तेलाचा हात दिला आणि आपल्या हातांनी खणात गुंडाळून पेटीत ठेवली. मग धारेचा दगड घेऊन ते परसात बसले आणि लाल मुठीची सुरी त्यांनी पाण्यात बुडवली. घण आता पेलत नव्हता, पण दोन्ही हात दगडावर दाबून धरले की थरथर बरीचशी जिरत होती. मधूनच ते पुटपुटत होते, "पत्रा रे पत्रा." शिवी देत होते की लाड करत होते, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पानवलकर पिशवीभर टोमॅटो घेऊन हजर झाले. वहिनी दिसेनात, म्हणून त्यांनी नागोजीरावांच्या हातातल्या सुरीपुढेच एक टोमॅटो धरला. सुरी नुसती टेकली आणि कागदासारखी चकती सुटून खाली पडली. दुसरी पडली. तिसरी पडली.

"अहो, काय धार आहे! हीच द्या मला. तुमची पुरी किंमत देतो!"

"ही? हा पत्रा आहे की, पानवलकर."

"असू दे पत्रा! चिरतो ना?"

"ही नाहीं विकायची," नागोजीराव म्हणाले. "ही हिच्या हातांतली आहे. तुम्ही ती देवीपुढची न्या. शेवटचीच आहे. मी आतां घडवीत नाहीं."

"आणि धार गेली तर?"

"घेऊन या. धार लावायास अजून येतें मज."

ती शेवटची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पानवलकर जिना चढून गेले. सकवारबाई परसाच्या दारात येऊन उभ्या होत्या. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, म्हणून नागोजीरावांनी लाल मुठीची सुरी उंबऱ्याजवळ खाली ठेवली. बाईंनी कष्टाने वाकून ती उचलली आणि अंगठ्याने धार पाहिली. देवीपुढच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी एक दिवस उशिरा ते लाल मुठीला टेकवलं, आणि सांबाराची भाजी चिरायला ओट्याकडे गेल्या.